खेळ कोणता यापेक्षा खेळणारा कोण?
करमणूक, जात आणि वृत्तपत्री नजर

व्हिडिओ गेम हा दलित चळवळीचा विषय कसा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. अत्याचार, शिष्यवृत्ती, रिक्त जागा, जमीन हे प्रश्न आ वासून उभे असताना मोबाइलवरच्या खेळाला पाने कशाला द्यायची? प्रश्न गैर नाही. परंतु आपल्या समाजात करमणूक ही जातीबाहेरची गोष्ट कधीच नव्हती. कोणी काय गावे, कोणासमोर नाचावे, कोणत्या मैदानावर चेंडू टाकावा, हे येथे आधीच ठरलेले असे. पालवणकर बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात त्याच्याच संघातील सवर्ण खेळाडू आत चहा घेत असताना त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून चहा मिळत असे. चेंडू चालत होता, हात चालत नव्हता. हा इतिहास ज्यांच्या पाठीशी आहे त्यांनी खेळाकडे ‘नुसता खेळ’ म्हणून पाहणे परवडणारे नाही.

गेल्या आठ-दहा वर्षांत मराठी-हिंदी वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाहिन्यांनी व्हिडिओ गेमचे जे चित्र उभे केले, ते पाहता एक गोष्ट लक्षात येते. खेळात नेमके काय आहे याची चौकशी तेथे फारशी नाही. खेळणारा कोण, यावर मात्र निकाल अवलंबून आहे. तोच खेळ एकाच्या हातात ‘व्यसन’ ठरतो, दुसऱ्याच्या हातात ‘करिअर’. हा दुटप्पीपणा नवा नाही. त्याचा एक इतिहास आहे आणि तो आपल्या ओळखीचा आहे.

१

तमाशाचे उदाहरण घ्या. पिढ्यानपिढ्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी ही कला पोटाशी धरली. तिचा आस्वाद सर्व जातींनी घेतला, पण तिची लाज मात्र ती सादर करणाऱ्यांच्याच वाट्याला आली. पठ्ठे बापूराव हे जन्माने कुलकर्णी. त्यांचे नाव शाहीर म्हणून आदराने घेतले जाते. त्यांच्या कवनांना ज्या महार स्त्रीने आवाज दिला, ती पवळा मात्र त्यांच्या कथेतील एक रसभरीत प्रकरण म्हणून सांगितली जाते. कला एकच, मोजमापे दोन.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई प्रांताच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली ती अटींसह. वगाची संहिता तपासून घ्यायची, सरकारी परवानगी काढायची, शुद्ध व्हायचे. सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि तिच्या अध्यक्षपदी दत्तो वामन पोतदारांसारखे विद्वान बसले. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांच्याऐवजी ज्यांच्या अभिरुचीचा प्रश्न होता त्यांनी निर्णय केला. पुढे हाच ऐवज ‘लोकनाट्य’ हे सोवळे नाव घेऊन शहरी नाट्यगृहात आला. १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने पांढरपेशा प्रेक्षकाला खुर्चीत बसवून हसवले. त्याच चावटपणाला आता ‘अस्सल मराठी मातीचा ठेवा’ म्हटले जाऊ लागले.

म्हणजे क्रम असा: गरिबाची करमणूक प्रथम अनीती ठरते, मग कायद्याचा विषय होते, आणि वरच्या थरांनी ती उचलली की संस्कृती होते. हा क्रम ध्यानात ठेवला की पुढचे सारे समजायला सोपे जाते.

२

ऐंशी-नव्वदच्या दशकांत व्हिडिओ गेम आपल्याकडे पार्लरच्या रूपाने आला. मोठ्या शहरांच्या बाजारपेठांत, स्थानकांच्या आसपास, अंधाऱ्या गाळ्यांत ती यंत्रे लागली. नाणे किंवा टोकन टाकायचे आणि जीव संपेपर्यंत खेळायचे. शाळा चुकवणारी पोरे, हमाली-हॉटेलात राबणारी पोरे, सारी तेथे एकाच यंत्रापुढे रांगेत उभी राहत. संपन्न घरात टीव्हीला जोडायचा संच आला तेव्हा त्याचे नाव ‘खेळणे’ होते. गाळ्यातले तेच यंत्र मात्र ‘अड्डा’ होते.

कायद्यानेही तेच पाहिले. १९९५ साली एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेम पार्लरला जुगारविषयक नियमांखाली परवाना घेणे भाग आहे असा निर्णय दिला. काही यंत्रांवर खरोखरच जुगार चालत होता, हे मान्य. पण व्हिडिओ गेम आणि जुगार यांची जी गाठ त्या काळी सार्वजनिक मनात पडली, ती पुढे तीस वर्षे सुटली नाही.

मग मोबाइल आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले आणि इंटरनेट स्वस्त झाले. २०१७ साली ‘फ्री फायर’ आणि २०१८ साली ‘पब्जी मोबाइल’ हे खेळ निघाले. ‘फ्री फायर’ साध्या, कमी किमतीच्या फोनवरही चालत असे. पन्नास खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, शेवटपर्यंत जो टिकतो तो जिंकतो, आणि डाव दहा मिनिटांत आटोपतो. महागडा फोन नको, संगणक नको, क्लबचे सभासदत्व नको. साहजिकच हा खेळ नागपुरात इंदोरा-पाचपावलीच्या गल्ल्यांतही पोहोचला. संध्याकाळी विहाराच्या पायरीवर चार पोरे माना खाली घालून बसलेली आणि ‘कव्हर दे ना बे’ असे एकमेकांना ओरडून सांगणारी दिसू लागली. ही पोरे आळशी, बिघडलेली, हा निर्णय पाहणाऱ्याने तेथेच करून टाकला. ती चौघे एकमेकांचा जीव वाचवण्याचा डाव आखत आहेत, हे त्याला दिसणे शक्य नव्हते. तो पडद्याकडे पाहतच नव्हता.

३

वृत्तसृष्टीच्या अज्ञानाचा कळस झाला तो ‘ब्लू व्हेल’ प्रकरणात. मे २०१६ मध्ये रशियातील एका वृत्तपत्राने समाजमाध्यमांवरील काही गटांचा संबंध मुलांच्या आत्महत्यांशी जोडला. ती कथा देशोदेशी फिरत गेली. जुलै २०१७ मध्ये मुंबईत अंधेरी येथे चौदा वर्षांच्या एका मुलाने इमारतीवरून उडी घेतली आणि भारतातील ‘पहिला ब्लू व्हेल बळी’ म्हणून ती बातमी देशभर गाजली. त्यानंतर प्रत्येक राज्यात असे बळी सापडू लागले. पन्नास दिवसांची पन्नास आव्हाने, हातावर कोरलेला मासा, अज्ञात सूत्रधार, असा सारा मसाला घरोघर पोहोचला. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक आदी कंपन्यांना या खेळाचे दुवे काढून टाकण्याचा आदेश दिला.

काढणार काय? ज्याला खेळ म्हणत होते असे कोणतेही ॲप अस्तित्वातच नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्री हंसराज अहीर, म्हणजे आपल्या चंद्रपूरचेच खासदार, यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिले. मुलांची उपकरणे, दूरध्वनी नोंदी, न्यायवैद्यक पुरावा तपासल्यावर एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही, असा त्याचा आशय होता. भीतीची बातमी महिनोन्‌महिने गाजली. हे उत्तर मात्र आले आणि विरून गेले. आजही कित्येक शिक्षक ब्लू व्हेलचा दाखला देतात, तो त्यामुळेच.

यात नुकसान कोणाचे झाले? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, १,७६४, एकट्या महाराष्ट्रातील होत्या. परीक्षेतले अपयश, घरातील कलह, आजार, कर्ज, प्रेमभंग, वसतिगृहातील अपमान, शिक्षणसंस्थांतील जातीय छळ, अशी कारणे एकात एक गुंतलेली असतात. ती उकलायला कष्ट पडतात आणि उकलली तर शाळा, महाविद्यालय, कुटुंब, जात यांच्याकडे बोट दाखवावे लागते. समुद्रातला मासा दाखवला की कोणालाच जाब विचारावा लागत नाही. हे केवळ अज्ञान नव्हते, ही सोयही होती.

४

पब्जीच्या वेळी हीच रीत पुन्हा दिसली. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळांची तक्रार केली, तेव्हा पंतप्रधानांनी पब्जीचे नाव घेतले आणि सभागृह हसले. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी खेळावर बंदी घातली आणि मोबाइलवर गेम खेळले म्हणून तरुणांना अटक केली. त्याच महिन्यात हिंगोली येथे रुळांजवळ दोन तरुण रेल्वेखाली सापडून मरण पावले. ते पब्जीत गुंग होते म्हणून ही बातमी देशभर गाजली. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गावर त्या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. बहुतेक कष्टकऱ्यांची ही मरणे एका ओळीतच राहिली, कारण त्यांच्या हातात पब्जी नव्हते.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने पब्जीसह ११८ ॲपवर बंदी घातली. कारण सीमेवरील चीनचा तणाव आणि नागरिकांच्या माहितीची सुरक्षितता हे होते. त्या आदेशात मुलांच्या मनाचा प्रश्नच नव्हता. तरी अनेक ठिकाणी ही बातमी पालकांच्या सुटकेची बातमी म्हणून रंगवली गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’ही याच कारणाने गेले. पब्जीचा भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला, वर्षभराने हटला, मे २०२३ मध्ये परत आला. राज्यकर्त्यांना खेळाचे वावडे नव्हते, एवढे यावरून कळते.

मधल्या काळात टाळेबंदी होती. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. ज्या घरात चौघा भावंडांत एक फोन, तोही बापाने हप्त्यावर घेतलेला, त्या घरातील मुलाविषयी ‘शिक्षणासाठी दिलेल्या मोबाइलवर गेम’ असा उपदेशपर मजकूर लिहिला गेला. एका फोनवर चौघांनी कसे शिकायचे, हा प्रश्न त्या मजकुरात फार क्वचित आला.

अमेरिकेत ही परंपरा जुनी आहे. १९९३ मध्ये तेथील सिनेटने हिंसक व्हिडिओ गेमवर सुनावण्या घेतल्या. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतील हत्याकांडानंतर सारा दोष गेमच्या माथी मारण्याची चढाओढ लागली. २०११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पुस्तके-चित्रपटांप्रमाणे व्हिडिओ गेमलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. मार्च २०२० मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने स्पष्ट केले की हिंसक गेममुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही.

पण आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे संशोधन आहे ते २०१९ मधील. गोळीबाराच्या घटनांवरील दोन लाखांहून अधिक बातम्या तपासल्यावर असे दिसले की शाळेत गोळीबार करणारा गोरा असेल तर त्याच्या बातमीत व्हिडिओ गेमचा उल्लेख होण्याची शक्यता काळ्या गुन्हेगाराच्या तुलनेत आठपट होती. याचा अर्थ उघड आहे. गोरा मुलगा मुळात चांगला, त्याला कशाने तरी बिघडवले, म्हणून बाहेरचे कारण शोधायचे. काळ्याला कारण लागत नाही, त्याचा वर्णच कारण.

आपल्याकडे वर्णाच्या जागी जात आणि वस्ती ठेवून पाहा. सोसायटीतल्या मुलाने काही केले की तो गेमच्या ‘आहारी गेलेला’, म्हणून समुपदेशन. वस्तीतल्या मुलाने केले की ‘झोपडपट्टीतील टोळके’, म्हणून पोलीस चौकी. खैरलांजीच्या वेळी आपण हे जवळून पाहिले. सप्टेंबर २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत जात नव्हती, अनैतिक संबंधांची कुजबूज होती. नागपूर-अमरावतीतील आपली माणसे रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे ते हत्याकांड बातमीच्या लायकीचे ठरले. खैरलांजी आणि मोबाइल गेम यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. बातमी लिहिणारी नजर एकच आहे, एवढेच म्हणायचे आहे. ती आधी माणसाचे चारित्र्य ठरवते, मग घटना पाहते.

५

गेमच्या नावाने ओरड चालू असताना खरा दरोडा बाजूलाच पडत होता. ऑनलाइन रमी, पैशांवरचे क्रिकेट, सट्ट्याची ॲपे, हा खेळ नव्हे, हा भांडवलाने चालवलेला जुगार. त्याच्या पानभर जाहिराती वृत्तपत्रांत येत होत्या, वाहिन्यांवर सिनेनट आणि क्रिकेटपटू त्याचे गुण गात होते. आत संपादकीयात मुलांच्या मोबाइल वेडाची चिंता आणि बाहेर जुगाराची जाहिरात, हा व्यवहार वर्षानुवर्षे चालला. अखेर जून २०२२ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला सट्ट्याच्या जाहिराती छापू नका, दाखवू नका, अशी सूचना माध्यमांना द्यावी लागली. पत्रकारिता धंदा झाली की तिचे विवेकाशी नाते तुटते, हे बाबासाहेबांनी १९४३ सालीच, रानड्यांवरील व्याख्यानात बजावले होते.

विदर्भातही याच्या खुणा आहेत. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियात छापा घालून जे प्रकरण उघडकीस आणले, त्यात एका नागपूरकर व्यापाऱ्याची ५८ कोटींची फसवणूक झाल्याची तक्रार होती. त्या सट्ट्याच्या प्रकरणालाही ‘ऑनलाइन गेमिंग घोटाळा’ असेच नाव मिळाले. म्हणजे कोट्यवधींचा सट्टा आणि पायरीवर बसलेल्या पोराचा दहा मिनिटांचा डाव, दोन्ही ‘गेमिंग’. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस अचलपूरचे आमदार बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकरच्या मुंबईतील घराबाहेर या जाहिरातींविरुद्ध आंदोलन केले. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला खेळ बंद करीत होतो, असा त्यांचा खुलासा होता. त्यानंतर त्यांच्याकडून कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले! वस्तीतल्या पोराला असा खुलासा करण्याची संधी कोणी देत नाही, खाते तर दूरच.

ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. खेळ आणि जुगार निराळे, हे अखेर कायद्याने कबूल केले. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे आले होते. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी निवडक गेमरांशी गप्पा मारल्या, त्यांच्याबरोबर खेळही खेळले आणि वाहिन्यांनी कौतुकाने ते दाखवले. पाच वर्षांपूर्वी ज्या खेळासाठी पोरे कोठडीत गेली, तो आता देशाचे भवितव्य झाला. तमाशा ते लोकनाट्य हाच तो प्रवास. वेग तेवढा वाढला आहे.

६

हे असे का होते याचे उत्तर संपादकीय कक्षात आहे. २००६ साली दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांच्या ३१५ निर्णयकर्त्या पत्रकारांची पाहणी झाली, तेव्हा त्यांत अनुसूचित जाती-जमातीचा एकही नव्हता. २०१९ मधील दुसऱ्या पाहणीत नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ सवर्णांकडे होत्या, दलित-आदिवासींकडे शून्य. १९२० मध्ये ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. शंभर वर्षांनी जाहिरात छापली जाईल, पण टेबलाच्या पलीकडची खुर्ची मिळत नाही. त्या खुर्चीवर बसलेल्याला वस्तीतला मुलगा का खेळतो, हे कोठून कळावे?

तो का खेळतो? कारण वस्तीत मैदान नाही, असले तर तेथे गाड्या उभ्या आहेत. कारण या खेळात प्रवेश करताना आडनाव विचारत नाहीत. नाव तो स्वतः निवडतो. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या इतरांनी कचरू, धोंडू अशी नावे चिकटवली, त्याच्या पोराने स्वतःला स्वतःचे नाव देणे ही साधी गोष्ट नाही. अर्थात या समतेलाही मर्यादा आहेत. आवाजावरून, भाषेवरून माणूस ओळखला जातो आणि शिवी जातीवर जाते. पोशाख, बंदुकीची नक्षी विकत घ्यावी लागते, तेथे पैसेवाला पुन्हा वर चढतो. खेळाची सवय अनावर होणे हाही खरा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद आपल्या आजारांच्या यादीत केली असून ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण त्या नोंदीनुसार साधारण वर्षभर टिकलेले, जगणे विस्कटून टाकणारे वर्तन असावे लागते. दोन तास खेळणारा मुलगा त्यात बसत नाही. जो बसतो त्याला मेडिकलच्या मानसोपचार विभागाची वाट दाखवावी, बदडून काढू नये.

वृत्तपत्रांनी जी टीका करायला हवी होती, ती मात्र झालीच नाही. या खेळांत गोष्ट कोणाची सांगितली जाते? पुण्याच्या एका कंपनीचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये आला, त्याचे जग देव-असुरांचे. ‘फौजी’ हा खेळ २६ जानेवारी २०२१ रोजी मुद्दाम प्रजासत्ताकदिनी आला, तो सीमेवरच्या राष्ट्रवादाचा. असुर कोण आणि त्याला मारायचे का, हा प्रश्न जोतीरावांनी एकोणिसाव्या शतकात विचारला. आज पोराच्या बोटाखाली तोच असुर पुन्हा मारला जात आहे आणि समीक्षक झोपले आहेत.

७

मग आपण काय करायचे? येथे पूर्वजांनी घालून दिलेला धडा आहे. तमाशाविषयी बाबासाहेबांना प्रेम नव्हते. आपल्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, अशी त्यांची भूमिका सांगितली जाते. पण ही टीका पांढरपेशांच्या किळसेतून आलेली नव्हती. कलावंताच्या माणूसपणाच्या काळजीतून आली होती. आणि चळवळ टीकेवर थांबली नाही. सत्यशोधकांनी तमाशाचा सांगाडा घेऊन जलसा उभा केला. भीमराव कर्डकांसारख्यांनी त्याच ढोलकीवर, त्याच सवाल-जबाबात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. गणपतीच्या गणाची जागा बुद्धीला आवाहन करणाऱ्या गाण्याने घेतली, गवळणीच्या जागी माणुसकीच्या हक्कांचा संवाद आला. रूप त्यांनी टाकले नाही, आशय बदलला. नागपुरातल्या झोपडपट्टी फुटबॉलवरचा नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ याच वाटेवरचा.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत हेच करावे लागेल. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी वृत्तपत्री भीती उसनी घेऊन पोरांवर ओरडण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी पायरीवर बसून तो पडदा पाहावा. विद्यार्थ्यांनी कादंबरीचे परीक्षण करावे तसे खेळाचे परीक्षण लिहावे आणि या पानांकडे पाठवावे. संगणक शिकणारी आपली मुले-मुली आज हजारोंनी आहेत, खेळ बनवण्याची साधने विनामूल्य मिळतात. चवदार तळ्याकडे चालत जाणाऱ्या माणसांचा खेळ, गिरणीच्या चाळीचा खेळ, असुराच्या बाजूने सांगितलेला खेळ कोणी करायचा? ज्यांनी करायचा ते आत्ता विहाराच्या पायरीवर बसलेले आहेत. त्यांच्या हातून फोन हिसकावून घेतला, तर जलसा उभा राहण्याआधी ढोलकीच फोडल्यासारखे होईल.